गोवळकोट ते मालवण, स्वतःच्या होडीने: कधी निघावं, कुठे थांबावं?

परचुरीचा नातू

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

माझे आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, खलाशी होते. कौलं, मीठ असा माल भरून मालवणकडून निघालेला मचवा दाभोळच्या खाडीत शिरायचा आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर चढत गोवळकोटच्या धक्क्याला लागायचा. आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात जुनी पेटी उघडली तेव्हा तळाशी शिशाचा एक गोळा सापडला. आकार ओळंब्यासारखा, वजन अडीच किलोच्या आसपास. वर दोरी ओवायला भोक, खाली अंगठा बुडेल एवढा खळगा. पाण्याची खोली मोजायला वापरायचे एवढं आईला आठवत होतं. खळगा कशाला, ते तिला सांगता आलं नाही. तो गोळा हातात घेतल्यापासून डोक्यात एकच गोष्ट आहे: आजोबा ज्या वाटेने यायचे त्याच वाटेने उलट मालवणपर्यंत जायचं.

होडी माझी आहे, २० फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड. जाणार चौघं: मी (वय ४३), बायको, डिझेल मेकॅनिक असलेला आतेभाऊ आणि एक मित्र. चौघांनाही पोहता येतं. गोवळकोट ते दाभोळ खाडीतून दहा-बारा वेळा ये-जा केली आहे, ती वाट पायाखालची म्हणता येईल. खुल्या समुद्रात मात्र दोनदाच गेलो, तेही गुहागरपर्यंत, आणि दोन्ही वेळा पाणी शांत मिळालं.

बेत असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं. खाडीतले सुमारे ४५ किलोमीटर आणि समुद्रातले १७० ते १७५. पहिल्या दिवशी खाडी उतरून थेट गुहागर, पुळणीवर तंबू. दुसरा मुक्काम गणपतीपुळे, तिसरा पूर्णगड, चौथा विजयदुर्ग, पाचव्या दिवशी मालवण. दोन दिवस तिथे राहून त्याच वाटेने परत.

विचारायचं ते हे: दिवाळीचे दिवस बरे का? मुक्काम बरोबर निवडलेत का? पेट्रोल एकदमच भरून घ्यावं की वाटेत मिळतं? परवानग्या कुणाच्या लागतात? आणि त्या खळग्याचं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

बंदरकाठ

परवानगीपुरतं सांगतो, माझं काम त्याच कागदांशी आहे.

आधी होडीची नोंदणी काय म्हणते ते वाचा. खाडीपुरती, म्हणजे अंतर्गत जलमार्गापुरती नोंद असेल तर ती होडी घेऊन मुखाबाहेर जाता येत नाही. वाशिष्ठीची खाडी २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक २८, पण तो दाभोळला संपतो. पुढे समुद्र, तिथले नियम वेगळे. तुमच्या हद्दीतल्या बंदर निरीक्षकाला प्रत्यक्ष जाऊन भेटा, फोनवर हे काम होत नाही. सोबत नोंदणीचे कागद, विमा, इंजिनाची पावती, चौघांची ओळखपत्रं आणि एका पानावर मुक्कामांची यादी न्या. यादी नेलीत तर अर्धं बोलणं वाचतं.

दुसरं सागरी पोलीस. २००८ साली मुंबईवरचे हल्लेखोर 'कुबेर' नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की गावकरीच आधी फोन करतात आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक मुक्कामाच्या ठाण्याला आदल्या दिवशी कळवा. होडीचं नाव-नंबर दुरून वाचता येईल एवढा मोठा रंगवा. मूळ ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर.

दोन नंबर चौघांच्याही फोनमध्ये हवेत: सागरी पोलिसांचा १०९३ आणि समुद्रात शोध-बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून हातातला व्हीएचएफ (बिनतारी संदेशाचा) सेट रीतसर परवाना काढून घ्या. संकटाचा चॅनेल १६.

अंजनवेलच्या बाहेर एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची, जेट्टी आहे. तिच्यापासून लांबूनच जा, फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नका.

शिडाची होडी

मी रत्नागिरी ते पणजी शिडाच्या होडीने दोनदा केलं आहे, दोन्ही वेळा नोव्हेंबरच्या मध्यावर. पाणी आरशासारखं होतं, इतकं की शिडाला वारा मिळेना. इंजिनवाल्याला त्याहून चांगला महिना कुठला? माझ्या मते दिवाळी उत्तम.

बाकी अनुभवाचं थोडं. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि ते एकाच कॅनमध्ये भरू नका, एक फुटला तर सगळंच जातं. ऊन डोक्यापेक्षा पाण्यावरून उलटून जास्त लागतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी भाजतं, तिथे कुणी क्रीम लावत नाही. सकाळी निघताना पोटात भाकरी किंवा गुरगुट्या भात असू द्या, रिकाम्या पोटी आधी मळमळ होते आणि मग डोकं चालेनासं होतं. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

वेलदूरचा तांडेल

नातू, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी दाभोळच्या खाडीत आणि बाहेर बावीस वर्षं लाँच चालवली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घरी असतो. तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच स्पष्ट लिहितो: तुमचा बेत पायी किंवा मोटारीने जाणाऱ्याचा आहे. गुहागर, गणपतीपुळे ही ठिकाणं माणसाला सुंदर, होडीला वैरी. सरळ उघडी पुळण, आडोसा कसलाच नाही. दुपारी वायव्येचा वारा सुटला की काठावर लाट फुटायला लागते. वीस फुटी होडी, मागे इंजिनाचं वजन. पुळणीला लागताना मागून एक लाट चढली की होडी आडवी होते, आडवी झाली की दुसरी लाट ती भरते. समजा लागलातही, रात्रभर होडी कुठे ठेवणार? ओहोटीला ती वाळूत बसेल आणि पहाटे भरती आली की आपटायला लागेल. गणपतीपुळ्याच्या पाण्याने किती माणसं नेली ते तिथल्या कुणालाही विचारा.

मुक्काम बंदरातच. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. दाभोळहून जयगड साधारण १७ नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर), तिथून रत्नागिरी १९, रत्नागिरी ते विजयदुर्ग २६, विजयदुर्ग ते देवगड ११, देवगड ते मालवण २०. मालवण सोडून बाकी ठिकाणी आत शिरायला सरळ वाट आहे. पूर्णगड मी मुद्दाम गाळलं, त्याचं पुढे सांगतो.

आता महिना. 'शिडाची होडी' यांना पाणी आरशासारखं मिळालं हे खरं असणार, नोव्हेंबर तसाच असतो. पण ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आलं तेव्हा आदल्या आठवड्यात पाणी असंच होतं. आमच्या खाडीतल्या बोटी बाहेर होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती घरं त्या एका दिवसात उघडी पडली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळं उठण्याचा काळ, आणि सुट्टीची तारीख ठरलेली असली की माणूस अंदाज बघूनही निघतो, कारण रजा वाया जाते. तेव्हा जानेवारी धरा. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, काठाजवळचं पाणी दाबून ठेवतो. दहा-अकरापर्यंत ते टिकतं. मग वारा पडतो, फिरतो आणि दुपारी वायव्येचा सुटतो. रोज फटफटताना निघायचं आणि अकराच्या आत नांगर टाकायचा. मार्चपासून वायव्येचा जोर वाढत जातो. इनकॉईस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघायचा आणि शंका असली तर त्या दिवशी बंदरातच राहायचं. असे दोन दिवस बेतात आधीच मोकळे ठेवा.

परतीचं तर मनातूनच काढा. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तीच लाट तोंडावर. तुमची हलकी होडी प्रत्येक लाटेवर उडेल आणि आपटेल, पेट्रोल दीडपट जाईल, आणि माणसं दमली की चुका होतात. मालवणला होडी टेम्पोवर चढवा आणि रस्त्याने आणा. त्यात कमीपणा मानू नका. तुमच्या आजोबांचे मचवेसुद्धा वारा बदलेपर्यंत बंदरात थांबून राहत.

आता भरतीचं. तुम्ही किलोमीटर मोजलेत, तिथ्या मोजल्या नाहीत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे गणित घरात कुणालातरी ठाऊक असेल. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. हे मुंबईचं गणित. खाली दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी लागते, आणि खाडीत वर गोवळकोटला मुखापेक्षा उशिरा, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून घ्या. पाऊणपट फक्त बेत आखायला.

तुम्ही निघायचं वद्य अष्टमीला. कारण सांगतो. अष्टमीला भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, त्यामुळे मुखाशी ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेच मुख ओळखू येत नाही. आणि वद्य पक्षातला अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो आणि पहाटे डोक्यावर असतो. अंधारात दोर सोडताना, जाळ्यांचे बोये बघताना त्या उजेडाची किंमत कळते.

पहिला दिवस: गोवळकोटला भरती पुरी झाली, पाणी थबकलं की निघा, सुकतीबरोबर, म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर, खाली या. तुम्हाला ही वाट पाठ आहे, तरी दोन गोष्टी. रेती काढलेल्या जागी तळ दरवर्षी बदलतो, एका वळणावर खोल खड्डा आणि पुढे लगेच उंचवटा. आणि कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी नुसतं भरतीवर नसतं, वीज किती काढतात त्यावरही असतं. मगरी थंडीच्या सकाळी चिखलावर उन्हाला येतात. त्यांच्यापासून लांब राहा, इंजिनाच्या पंख्यात काही अडकलं तर वरच्या खाडीत पाण्यात उतरू नका. दहाच्या सुमारास दाभोळ. त्या दिवशी बाहेर पडायचं नाही. दुपारी फेरीबोटीतून धोपाव्याला जा आणि मुख नीट बघून घ्या, लाट कुठे पांढरी होते, कुठे होत नाही.

दुसरा दिवस नवमी, भरती पावणेसातच्या आगेमागे. बरोबर उजाडायच्या वेळी मुखात भरलेलं आणि थांबलेलं पाणी मिळतं. मुखाशी वाळूचा पट्टा आहे, खोल पाणी अंजनवेलच्या अंगाला, गोपाळगडाच्या बाजूने. त्याच बाजूने निघा.

भरल्या पाण्यावर मी इतका का अडून बसलो आहे ते सांगतो. २००४च्या फेब्रुवारीत मी एका मालकाची नवी होडी रत्नागिरीहून खाली पोचवत होतो, तुमच्याएवढीच. पूर्णगडला थांबायचं ठरलं आणि आम्ही पोचलो दुपारी तीनला. सुकती जोरात, बाहेरून वायव्येचा वारा आत. खाडीचं पाणी बाहेर येतंय आणि समुद्राची लाट त्याच्यावर चढतेय, अशा ठिकाणी लाट लांबट राहत नाही, उभी राहते. मी बाहेर थांबून मोजत बसलो. सात लहान, तीन मोठ्या. परत सात लहान, तीन मोठ्या. मोठ्या गेल्या आणि मी इंजिन दाबलं. पण त्या वेळी मोठ्या पाच आल्या. चौथी मागून वर आली तेव्हा पंखा हवेत फिरल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, इंजिन एकदम हलकं झाल्यासारखं किंचाळतं. होडी फिरली, उजवी कड पाण्यात गेली. दोन पिंपं आणि नांगराचा दोर गेला, इंजिनात पाणी शिरलं. माझ्याबरोबरचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. लाटेनेच आम्हाला आतल्या वाळूवर नेऊन टाकलं म्हणून हे लिहितोय. दोन तास बाहेर थांबलो असतो किंवा सरळ जैतापूरकडे गेलो असतो, तर काहीच झालं नसतं. पूर्णगडच्या मुखात गाळ भरलेला आहे. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीचं मुखही तसंच, राजिवड्याचे लोक वर्षानुवर्षं ते सांगतायत. तुम्ही मिरकरवाड्याच्या बंदरातच शिरा. गर्दी असते, वास असतो, पण पाणी शांत असतं. कडेच्या बोटीच्या तांडेलाला विचारून त्याच्या बाहेरच्या अंगाला बांधा, आणि त्याची बोट पहाटे किती वाजता सुटणार ते आधी विचारा.

जयगडला कोळशाची मोठी जहाजं येतात. त्यांच्या वाटेतून चालू नका, ती तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत. किल्ल्याच्या आतल्या अंगाला जा, मात्र तवसाळच्या फेरीबोटीचा धक्का मोकळा सोडा. समुद्रात प्रत्येक टोकाला वळसा घालताना दीड-दोन मैल बाहेरून. टोकाखाली खडपं (पाण्यातले खडक) असतात आणि तिथे पाणी उगाच उसळतं. विजयदुर्गासारखा आसरा या किनाऱ्यावर दुसरा नाही, तिथे एक दिवस जास्त राहिलात तरी चालेल.

पेट्रोल. बंदरात बोटींना डिझेल मिळतं, तुम्हाला पेट्रोल लागणार, त्याला गावातल्या पंपावर जावं लागतं. दाभोळला पुरेसं भरून निघा आणि रत्नागिरीला पुन्हा भरा. पत्र्याचे कॅन घ्या. हिशोब असा: लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट होडीत हवं.

जाळ्याचा बोया दिसला तर मागच्या अंगाने वळसा घ्या. पंख्यात जाळं आलंच तर इंजिन बंद करून वर उचला, हाताने सोडवा. सुरी शेवटी. त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं.

आणि जॅकेटं अंगावर, बैठकीखाली नाहीत. १७ जुलै १९४७ला रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली. माझी आजी त्यानंतर आयुष्यात बोटीत बसली नाही.

देवबागवाली

तांडेल काकांनी मालवण बाजूला ठेवलं ते बरोबरच, कारण मालवणचं वेगळंच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, राजकोटापासून खाली दांडीपर्यंत, पाण्यात खडपं पेरल्यासारखी आहेत. काही ओहोटीला दिसतात, काही कधीच दिसत नाहीत, नुसता पाण्याचा रंग बदलतो. महाराजांनी इथे किल्ला बांधला तो यासाठीच, ज्याला वाट माहीत नाही तो आत येऊ शकत नाही. जीपीएसवर रेघ ओढून येऊ नका. किल्ला दिसायला लागला की बाहेरच थांबा आणि फोन करा. आमचे हे किंवा दीर होडी घेऊन येतील, त्यांच्या मागोमाग या. आमचं स्कूबाचं काम आहे, रोजच पाण्यावर असतो, त्यासाठी काही पैसे नकोत.

नांगर टाकताना खाली प्रवाळ नाही ना बघा. इथला समुद्र १९८७पासून अभयारण्य आहे, आणि नांगराने तुटलेलं प्रवाळ आमच्या हयातीत परत वाढत नाही. आम्ही दाखवू तिथे वाळू आहे.

वहिनींसाठी एक. चार-पाच तास होडीत बसायचं म्हणजे लघवीचा प्रश्न असतो, तो कुणी विचारत नाही आणि बायका मग पाणीच पीत नाहीत. पाणी न प्यायल्याने डोकं धरतं, चक्कर येते. झाकणाची बादली आणि आडपडद्याला एक चादर घ्या, आणि पहिल्याच दिवशी चौघांत उघड बोलून टाका. मी पर्यटक बायकांना रोज हे सांगते.

येवा. सोलकढी आणि बांगडो तयार आसतलो.

शिडाची होडी

तांडेल, फयानच्या वेळी मी पुण्यात होतो, बातम्यांत पाहिलं तेवढंच. दोनदा पाणी चांगलं मिळालं यावरून मी महिन्याबद्दल बोलायला नको होतं. नातू, माझा दिवाळीचा सल्ला मागे घेतो. पाण्याच्या कॅनचं आणि गोळ्यांचं तेवढं ठेवा.

परचुरीचा नातू

काल रात्री चौघं बसलो आणि तुमचं सगळं मोठ्याने वाचलं. पूर्णगडचं वाचताना आतेभाऊ मध्येच उठून अंगणात गेला. परत आल्यावर म्हणाला, "मी येणार, पण तांडेल सांगतील तसंच."

बेत नवा केला. पौषातली वद्य अष्टमी धरली आहे. सहा बंदरं, सहा मुक्काम, वर दोन दिवस मोकळे. परत येताना टेम्पो, मित्राच्या ओळखीचा आहे. खाडीत इंजिनाचं पेट्रोल मोजलं होतं: चौघं आणि सामान घेऊन आठ मैलांच्या वेगाने तासाला साडेसात लिटर. समुद्रातले ९३ नॉटिकल मैल म्हणजे बारा तास, नव्वद लिटर. खाडीचे तीन तास धरून एकशे बारा-पंधरा. दीडपटीने एकशे सत्तरच्या आसपास होतात. दाभोळला नव्वद घेऊन निघतो, उरलेलं रत्नागिरीत. एवढं वजन मागे नको म्हणून अर्धे कॅन नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाला, बांधणार. हे बरोबर आहे का सांगा.

बंदर निरीक्षकांकडे सोमवारी जातोय. नोंदणी बघितली, खाडीपुरतीच निघाली, म्हणजे ते काम आधी. डिसेंबर त्यातच जाईल, आणि नाही झालं तर माघातली अष्टमी. आता घाई नाही.

ताई, बायकोने तुमचा नंबर मागितला आहे, निरोपात पाठवाल का? बादलीचं वाचून म्हणाली, एवढं एकच मला विचारायचं होतं.

आणि खळग्याचं राहिलं.

वेलदूरचा तांडेल

हो, ते राहिलंच.

त्या खळग्यात मेण किंवा चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की तळाचं जे असेल ते त्याला चिकटून वर येतं. वाळू आली तर नांगर धरेल. चिखल आला तर धरेल, पण काढताना वेळ लागेल. शिंपल्यांचा चुरा आला तर सांभाळा. काहीच चिकटलं नाही आणि मेणावर नुसता ठोका उमटला तर खाली कातळ आहे, तिथे नांगर टाकायचा नाही. रात्री धुक्यात काठ दिसत नसला तरी जुने तांडेल ती वाळू बोटांत चोळून, कधी जिभेला लावून, आपण कुठे आहोत ते सांगत. माझ्या वडिलांना ते जमायचं, मला नाही. तुम्ही कपडे धुवायचा साबण दाबून भरा, चांगला धरतो. दोरीला प्रत्येक वावेला कापडाची चिंधी बांधा, तीन वावांवर लाल. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं होतं तेवढं, साधारण सहा फूट. फूटपट्टीने मोजू नका, स्वतःच्या हाताने मोजा, अंधारात तेच उपयोगी पडतं.

कॅनचं बरोबर आहे. नाळेकडे बांधा, पण उन्हात नकोत, वर ओली गोणपाटं टाका, आणि एक कॅन रिकामा झाला की मागचा पुढे सरकवा. पेट्रोल ओतताना इंजिन बंद, विडी-काडी बंद.

नोंदणीचं होईपर्यंत खाडीतच रोज गोळा टाकायचा सराव करा. मुखाशी मात्र गोळा टाकायला वेळ मिळत नाही, तिथे बांबू लागतो, चौदा फुटी, पेरं जवळजवळ असलेला. नाळेवर एकाने उभं राहून तो टोचत राहायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. विकत घेऊ नका. आमच्या परसात बेट आहे, एक तोडून सावलीत वाळत ठेवतो. दाभोळला आलात की घेऊन येतो.